डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस : जमा आणि नावे

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा समितीचा आग्रह. पंचवीस वर्षं पार्किंगमधलं क्रिकेट मी गॅलरीतून बघत आलोय, म्हणून क्रिकेटच्याच एका पितामहाबद्दल लिहितो.

विल्यम गिल्बर्ट ग्रेस यांचा जन्म 18 जुलै 1848 चा, इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या डाउनएंड गावचा. वडील डॉक्टर, मोठे भाऊही डॉक्टर, आणि सगळं घर क्रिकेटवेडं. विल्यमनी 1868 मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू केलं आणि ते पुरं झालं 1879 मध्ये! मधली 11 वर्षं मैदानात गेली. 1871 च्या एका मोसमात त्यांनी 2,739 धावा केल्या.

मी बँकेतला माणूस. खातं म्हटलं की दोन्ही बाजू बघायच्या. ग्रेस कागदोपत्री हौशी खेळाडू, म्हणजे खेळायचे पैसे घ्यायचे नाहीत. पण 1873-74 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांनी 1,500 पौंड घेतले. त्याच संघातल्या व्यावसायिकांना त्याच्या एक अष्टमांशसुद्धा मिळाले नाहीत. 1882 च्या ओव्हल कसोटीत चेंडू मृत समजून खेळपट्टी नीट करायला पुढे गेलेल्या जोन्सला त्यांनी धावबाद केलं. ऑस्ट्रेलियन चिडले आणि इंग्लंड 7 धावांनी हरलं. हे सगळं नावे टाकावंच लागेल.

आता जमेची बाजू. 1880 मध्ये ओव्हलवर 152 धावा, इंग्लंडचं पहिलं कसोटी शतक. त्या सामन्यात तिघे भाऊ खेळले. दोनच आठवड्यांत धाकटा फ्रेड न्यूमोनियाने गेला. घरात एवढे डॉक्टर असून! ब्रिस्टलच्या स्टेपलटन रोडवर, कामगार वस्तीत, ग्रेसनी जवळपास वीस वर्षं दवाखाना चालवला. उन्हाळ्यात बदली डॉक्टर, हिवाळ्यात स्वतः. 1887 मध्ये मँचेस्टरला चेंडूमागे धावताना क्रूम नावाचा खेळाडू कुंपणावर आदळला, लोखंडी टोक गळ्यात घुसलं. टाके घालायची सुई येईपर्यंत ग्रेसनी ती जखम दोन्ही हातांनी दाबून धरली. जवळजवळ अर्धा तास! क्रूम वाचला. माझ्या मते ही नोंद सगळ्या शतकांपेक्षा मोठी.

आपल्याकडचा धागा म्हणजे 1886 मध्ये मुंबईच्या पारशी संघाने लॉर्ड्सवर एमसीसीशी सामना खेळला, तेव्हा समोर ग्रेस होते. 1895 मध्ये, 46 व्या वर्षी, त्यांनी शंभरावं शतक केलं. 23 ऑक्टोबर 1915 रोजी ते गेले.

सी.ए.आय.आय.बी.च्या परीक्षेसाठी मी पंचविशीत बॅट माळ्यावर टाकली, ती कायमची. परीक्षा पास झालो, बढती मिळाली, पण ती बॅट अजून आठवते. ग्रेसना डॉक्टर व्हायला उशीर झाला, पण दोन्हीतलं काही सुटलं नाही.

तेव्हा बाळांनो, अभ्यास करा आणि खेळाही. मी तक्रार करणार नाही. काच फुटली तर मात्र हिशेब चुकता करावा लागेल!