जेरार्ड विन्स्टन्ली

जेरार्ड विन्स्टन्ली (बाप्तिस्मा: १० ऑक्टोबर, १६०९, विगन, लँकेशायर, मृत्यू: सप्टेंबर, १६७६, लंडन) हे सतराव्या शतकातील इंग्रज धर्मचिंतक, पत्रकलेखक व राजकीय विचारवंत होते. यादवी युद्धानंतर १६४९ च्या वसंत ऋतूत सरे परगण्यातील सामाईक माळरान खणून तेथे भाजीपाला लावणाऱ्या ‘डिगर्स’ (खणणारे) या गटाचे ते प्रमुख प्रवक्ते होते. हा गट स्वतःस ‘खरे समतावादी’ म्हणवून घेत असे.

पूर्वायुष्य

विन्स्टन्ली यांचे वडील विगन येथे कापडाचा व्यापार करीत. १६३० मध्ये ते लंडनला आले व सारा गेटर या विधवा व्यापारी स्त्रीकडे कापडाच्या धंद्यात उमेदवारी करू लागले. १६३८ मध्ये त्यांना शिंप्यांच्या व्यापारी संघाचे सदस्यत्व मिळाले व त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. १६४० मध्ये सुसान किंग हिच्याशी त्यांचा विवाह झाला. लवकरच राजा व संसद यांच्यात युद्ध पेटले, उधारी बुडाली आणि १६४३ मध्ये दुकान बंद पडले. सासऱ्यांची सरेमधील कोबम या गावी जमीन होती. तेथे येऊन ते मोबदला घेऊन लोकांची गुरे राखू लागले. व्यापारी म्हणून बुडालेला हा माणूस गुराखी झाला नसता, तर माळरानाकडे त्याचे लक्ष गेले असते की नाही, याची शंकाच आहे.

१६४० च्या दशकाची अखेरची वर्षे इंग्लंडमध्ये नापिकीची होती. भाकरीचे धान्य महागले होते आणि सैन्याच्या मुक्कामाचा भार खेड्यांवर पडत होता. १६४८ पासून विन्स्टन्ली यांची धार्मिक पत्रके प्रसिद्ध होऊ लागली. जानेवारी १६४९ मधील ‘द न्यू लॉ ऑफ राइटिअसनेस’ या पुस्तकात त्यांनी एकत्र कष्ट करून एकत्र अन्न खाण्याची कल्पना मांडली. त्याच महिन्याच्या ३० तारखेस राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. १०६६ मध्ये नॉर्मन विजेत्याने जमीन बळकावली, राजा हा त्याचा वारस. तेव्हा राजा गेल्यावर जमिनीवरील सरदारांचा हक्कही संपला पाहिजे, असा विन्स्टन्ली यांचा युक्तिवाद होता.

सेंट जॉर्जेस हिलवरील पेरणी

जुन्या इंग्रजी कालगणनेनुसार नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, रविवार १ एप्रिल १६४९ रोजी, मोजक्या लोकांनी वॉल्टन गावाजवळच्या सेंट जॉर्जेस हिल या टेकडीवर खणण्यास आरंभ केला. काही दिवसांतच त्यांची संख्या वीस-तीसवर गेली. विल्यम एव्हरार्ड हा माजी सैनिक त्यांत पुढे होता. महिना संपण्यापूर्वी निघालेल्या जाहीरनाम्यावर १५ जणांची नावे होती.

हे माळरान आपल्याकडील गायरानासारखे होते. मालकी जमीनदाराची असली, तरी गावकऱ्यांना तेथे गुरे चारण्याचा व सरपण आणण्याचा परंपरागत हक्क होता. नांगरण्याचा मात्र नव्हता. जमीन रेताड व हलक्या प्रतीची, त्यावर खुरटी झुडपे. डिगर्सनी काही भागातील झुडपे जाळली आणि गाजर, पार्सनिप व घेवडा ही पिके लावली. पार्सनिप हे पांढऱ्या गाजरासारखे दिसणारे कंदमूळ आहे.

पिकांची ही निवड जाणकारीची वाटते. मोकळ्या, रेताड मातीत गाजर व पार्सनिप यांची मुळे सरळ खोल जातात. पार्सनिपचे बी सावकाश उगवते, त्याला तीन-चार आठवडेही लागतात. परंतु तयार झालेले कंद थंडीतही जमिनीत राहू शकतात व हिमाने अधिक गोड होतात. घेवड्याचे दाणे वाळवून साठवता येतात आणि त्याच्या मुळांवरील गाठींमुळे हलक्या जमिनीचा कस वाढतो. वसंतात पेरायचे आणि पुढच्या हिवाळ्यात गरिबाची चूल पेटती ठेवायची, असे हे पीक होते. त्यासाठी पेरणाऱ्याला पुढचे काही महिने त्या जागेवर टिकून राहणे भाग होते. विरोधकांनी नेमके तेच होऊ दिले नाही.

१६ एप्रिलला राज्यपरिषदेकडे तक्रार गेली. सेनापती फेअरफॅक्स यांनी विन्स्टन्ली व एव्हरार्ड यांना लंडनला बोलावले. २० एप्रिलच्या भेटीत दोघांनी त्यांच्यासमोर टोपी काढण्यास नकार दिला. फेअरफॅक्स यांना हे लोक धोकादायक वाटले नाहीत. गावात मात्र रोष वाढत गेला. झुंडींनी झोपड्या पाडल्या, अवजारे मोडली, रोपे तुडवली. ११ जून रोजी बायकांचे कपडे घातलेल्या पुरुषांनी चार डिगर्सना बेदम मारले. हल्लेखोरांचे म्होरके स्थानिक शेतकरी होते, हे विसरता येत नाही. सामाईक चराई नष्ट झाली तर आपली गुरे कोठे न्यायची, ही सामान्य गावकऱ्यांची भीती निराधार नव्हती आणि विन्स्टन्ली यांना तिचे समाधान करता आले नाही.

वॉल्टनचा जमीनदार फ्रान्सिस ड्रेक (प्रसिद्ध दर्यावर्दी नव्हे) व इतरांनी किंग्स्टनच्या न्यायालयात अतिक्रमणाचा दावा लावला. वकील नेमण्यास डिगर्सनी नकार दिला आणि स्वतः बाजू मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. प्रत्येकी १० पौंड भरपाईचा निकाल झाला. वसुलीसाठी विन्स्टन्ली राखत असलेल्या गायी हाकून नेण्यात आल्या. या गायींनी टेकडी खणली नव्हती, तरी त्यांनाच मार खावा लागला, अशी उपरोधिक नोंद त्यांनी केली आहे.

कोबम

ऑगस्ट १६४९ मध्ये डिगर्स कोबमजवळच्या लिटल हीथ या माळावर गेले. पुढील वसंतापर्यंत त्यांनी ११ एकरांत धान्य पेरले होते आणि सहा-सात घरे उभारली होती. येथील जमीनदार जॉन प्लॅट हा धर्मोपदेशकही होता. धर्मग्रंथाच्या आधारे आपले म्हणणे सिद्ध केल्यास त्रास देणार नाही, असे त्याने सांगितल्यावर विन्स्टन्ली यांनी त्याला लेखी उत्तर दिले. त्यानंतर लवकरच, एप्रिल १६५० मध्ये, तो माणसे घेऊन आला, घरे जाळली आणि कोणी परतू नये म्हणून पहारा बसवला. वेलिंगबरो व आयव्हर येथील अशाच वसाहतीही फार काळ टिकल्या नाहीत.

‘द लॉ ऑफ फ्रीडम’

१६५२ मध्ये विन्स्टन्ली यांनी आपला प्रमुख ग्रंथ ‘द लॉ ऑफ फ्रीडम इन अ प्लॅटफॉर्म’ ऑलिव्हर क्रॉमवेल यांना अर्पण केला. खरेदी-विक्रीचा अभाव, सामाईक कोठारे आणि दरवर्षी निवडले जाणारे अधिकारी अशी समाजरचना त्यात आहे. त्यातील शिक्षणविचार विशेष वाचनीय आहे. केवळ पुस्तकी विद्येवर मुले वाढवण्यास त्यांचा विरोध होता. ज्ञानाच्या त्यांनी केलेल्या पाच शाखांत पहिले स्थान शेतीला आहे आणि खणणे, लावणी, खत देणे, कलमे बांधणे ही कामे अभ्यासाचाच भाग मानली आहेत.

उत्तरायुष्य व प्रभाव

१६५७ मध्ये सासऱ्यांनी कोबमची मालमत्ता विन्स्टन्ली दांपत्याच्या नावे केली. पुढे ते गावात गरिबांच्या मदतनिधीचे पर्यवेक्षक झाले आणि १६७१ मध्ये एल्मब्रिज विभागाचे मुख्य कॉन्स्टेबल. सुसानच्या मृत्यूनंतर त्यांनी एलिझाबेथ स्टॅन्ली हिच्याशी विवाह केला. लंडनमध्ये धान्याचा व्यापार करीत असताना त्यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूची नोंद क्वेकर पंथीयांच्या दप्तरात आहे.

त्यानंतर दोन शतके त्यांचे लेखन जवळजवळ विस्मृतीत गेले. दरम्यान कुंपणांच्या कायद्यांनी बहुतेक सामाईक जमिनी खाजगी झाल्या. मजुरांना भाजीपाल्यासाठी भाडेपट्टीने छोटे तुकडे देण्याची ‘अलॉटमेंट’ पद्धत १८४५ व १९०८ च्या कायद्यांनी दृढ झाली. या पद्धतीच्या इतिहासात डिगर्सचा उल्लेख पूर्वसूरी म्हणून येतो. मात्र त्यांना भाड्याचा तुकडा नको होता, हा फरक महत्त्वाचा आहे. १९७२ मधील ख्रिस्तोफर हिल यांच्या ‘द वर्ल्ड टर्न्ड अपसाइड डाउन’ या इतिहासग्रंथाने व १९७५ च्या ‘विन्स्टन्ली’ या चित्रपटाने त्यांचे नाव पुन्हा सर्वतोमुखी झाले. सेंट जॉर्जेस हिलवर आज धनिकांची खाजगी वसाहत व गोल्फचे मैदान आहे.