विज्ञानतपस्विनी कै. डॉ. कमलाबाई सोहोनी

धनाने वा अधिकाराने मोठी झालेली माणसे काळाच्या ओघात विस्मृतीत जातात. परंतु ज्यांनी बंद असलेले दार स्वतःच्या हाताने ठोठावून उघडले व ते मागून येणाऱ्यांसाठी उघडेच ठेवले, त्यांचे स्मरण ठेवणे हे प्रत्येक समाजाचे कर्तव्य होय. कै. डॉ. कमलाबाई सोहोनी या अशा थोर व्यक्तींपैकी एक होत. त्यांचे चरित्र आपल्या घरोघरच्या मुलींनी व त्यांच्या मातापित्यांनी वाचावे, या हेतूने हा अल्प प्रयत्न केला आहे.

कमलाबाईंचा जन्म 1911 साली इंदूर येथे भागवत कुटुंबात झाला. त्यांचे वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्राचे जाणकार असून बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेतून शिकून बाहेर पडलेले होते. प्रख्यात विदुषी दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या भगिनी. विद्येचे असे बाळकडू लाभल्यामुळे कमलाबाईंनी रसायन हा मुख्य विषय घेऊन 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌‍सी. पदवी उत्तम प्रकारे संपादन केली. आता वडिलांच्याच संस्थेत जाऊन संशोधन करावे, हा त्यांचा मनोदय होता.

परंतु तेथे अनपेक्षित अडचण उभी राहिली. त्या वेळी संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे होते. 1930 साली नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी भारताची मान जगात उंचावली होती. एवढ्या थोर शास्त्रज्ञाने कमलाबाईंचा अर्ज केवळ त्या स्त्री आहेत म्हणून नाकारला. संशोधनाचे काम स्त्रियांना झेपणारे नाही, अशी त्यांची समजूत होती. दुसरी एखादी मुलगी असती तर नशिबास दोष देऊन घरी परतली असती. कमलाबाई परतल्या नाहीत. नकाराचे योग्य कारण दाखवा, असा आग्रह धरून त्यांनी महात्माजींच्या मार्गाने सत्याग्रह आरंभिला. अखेर त्यांना प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागणार होते आणि आपल्यामुळे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होणार नाही, याची हमी द्यावयाची होती.

या अटी अपमानास्पद होत्या, हे त्या जाणून होत्या. तथापि विद्येसाठी त्यांनी त्या मान्य केल्या. श्रीनिवासय्या या शिस्तप्रिय व सहृदय गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध, डाळी व शेंगवर्गीय धान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांची निष्ठा पाहून वर्षाअखेर रामन यांचे मत पालटले. कमलाबाईंना नियमित प्रवेश तर मिळालाच, शिवाय पुढे इतर मुलींसाठीही त्या संस्थेचे दार उघडले. चूक उमगल्यावर ती सुधारणे, हेही थोरपणाचेच लक्षण होय. 1936 साली कमलाबाई एम. एस्‌‍सी. झाल्या.

त्यानंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. जीवनसत्त्वांवरील कार्याबद्दल 1929 साली नोबेल पारितोषिक मिळविणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना स्थान मिळाले. बटाट्यावर प्रयोग करीत असता, पेशींच्या श्वसनक्रियेत महत्त्वाचे कार्य करणारे सायटोक्रोम सी नावाचे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी दाखवून दिले. सुमारे चौदा महिन्यांत सिद्ध झालेला त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पृष्ठांचा होता. त्याच्या बळावर 1939 साली केंब्रिजची विज्ञानातील डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

परदेशी राहणे त्यांना कठीण नव्हते, पण त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख व नंतर कुन्नूर येथील पोषणसंशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक, अशी पदे त्यांनी भूषविली. 1947 साली श्री. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या व तेथील विज्ञान संस्थेत प्राध्यापिका झाल्या. योग्यता असूनही संचालकपद त्यांना उशिरा लाभले. स्त्री असण्याचा अडसर तेथेही होताच. परंतु ज्यांना एकेकाळी उमेदवार म्हणून उंबरठ्यावर थांबविले गेले, त्याच पुढे एका नामवंत विज्ञान संस्थेच्या संचालिका झाल्या.

त्यांच्या संशोधनाचा आपल्यासारख्या डोंगरवासी समाजाशी निकटचा संबंध आहे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताड-शिंदीचा हा ताजा रस आंबला की त्याची ताडी होते. परंतु न आंबलेल्या नीरेत जीवनसत्त्वे व लोह असून, कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रिया यांना तिचा लाभ होतो, असे त्यांनी दाखविले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. कडधान्यांत प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारी द्रव्ये असतात, त्यांचाही त्यांनी अभ्यास केला. ही द्रव्ये उष्णतेने पुष्कळ अंशी निष्प्रभ होतात. आपल्या आयाबाया कडधान्ये भिजवून नीट शिजवितात, त्यामागे असे शास्त्र आहे.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मुंबईत 1966 साली स्थापन झालेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेचे कार्य त्यांनी केले व 1982-83 मध्ये तिचे अध्यक्षपद सांभाळले. 1998 साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार योजिला असता त्या समारंभातच कोसळल्या आणि लवकरच त्यांची प्राणज्योत मालवली.

येथे प्रस्तुत लेखकास एक कबुली द्यावीशी वाटते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका पालकाने मला विचारले, की मुलीस विज्ञान शाखेस घालू काय. मुलगी हुशार होती. गणिते वर्गात सर्वांआधी सोडवी. तरीही, मुलीच्या जातीला एवढे अवघड कशाला, असे मी बोलून गेलो. गुरुजींचा शब्द म्हणून बापाने तो मानला व मुलीने निमूटपणे ऐकला. तिने सत्याग्रह केला नाही. तिच्या पाठीशी शास्त्रज्ञ वडील नव्हते. रामन यांनी आपली चूक वर्षभरात सुधारली, माझी मात्र तशीच राहिली.

आहुप्याच्या मुलीला विज्ञान शिकावयाचे तर आज ना उद्या गाव सोडून घोडेगाव, मंचर वा पुण्याची वाट धरावीच लागते. हिरडा वेचून व भातखाचरे राबून जमविलेला पैसा मुलाच्या शिक्षणावर खर्चावा की मुलीच्या, असा प्रश्न घरात उभा राहील. तेव्हा निर्णय मुलगा-मुलगी पाहून न करता बुद्धी व आवड पाहून करावा, आणि गरज पडेल तेथे समाजाने हातभार लावावा. कमलाबाईंना दारात उभे राहून भांडावे लागले. आपल्या मुलींवर निदान स्वतःच्या घराच्या दारात तरी तशी वेळ येऊ नये, हीच त्या थोर विदुषीस आपली खरी श्रद्धांजली ठरेल.