सावित्रीबाईंचं उघडं दार

मंडळी, सावित्रीबाई फुले म्हटलं की आपल्याला शाळाच आठवते. ३ जानेवारीला आपण फोटोला हार घालतो, पोरींची भाषणं ऐकतो आणि घरी येतो. पण लेकरांसाठी या बाईंनी आणखी एक काम केलं. सरपंच, पोलीस पाटील आणि अंगणवाडीताईंनी ते मुद्दाम ध्यानात ठेवावं असं आहे.

सावित्रीबाईंचा जन्म १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. पाटलाच्या घरची लेक. १८४० साली जोतीरावांशी लग्न होऊन पुण्यात आल्या, शिकल्या आणि १८४८ पासून मुलींना शिकवू लागल्या.

पुण्यात तेव्हा काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा होती. एकाने तिला फसवलं, दिवस गेले. लोकलाजेपोटी तिने जन्मलेलं बाळ मारून विहिरीत टाकलं. कोर्टाने तिला काळ्या पाण्याची सजा दिली. फसवणारा मोकळाच राहिला. आता सांगा, या सजेने मेलेलं लेकरू परत आलं का? पुढचं एखादं तरी वाचलं का?

फुले दांपत्याने विचार केला की कायदा येतो तो मागून. आधी कुणीतरी दार उघडायला हवं. म्हणून १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गावात जाहिराती लावल्या : विधवांनी इथं गुपचूप येऊन बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवावं, ज्याची त्याची खुषी. या बायांची बाळंतपणं नि लेकरांचं करणं सावित्रीबाईंनी अंगावर घेतलं. १८८४ सालपर्यंत ३५ विधवा तिथं आल्याचं जोतीरावांनी लिहून ठेवलं आहे. त्यांची बरीचशी मुलं मात्र जगली नाहीत, कारण दारात येण्याआधीच त्या बायांनी पोट पाडायला विषारी औषधं घेतलेली असायची. मदत उशिरा पोचली की काय होतं, ते यावरून समजावं.

या जोडप्याला स्वतःचं मूल नव्हतं. १८७४ साली अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. त्याचं नाव यशवंत. त्याला शिकवून डॉक्टर केलं. जगाने ज्याला पाप म्हटलं असतं, तो लोकांना औषध देऊ लागला.

१८७६-७७ चा दुष्काळ आला तेव्हा सावित्रीबाई आपल्याच भागात, चाकणच्या पुढे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला होत्या. लोक गाव सोडून चालले होते. सत्यशोधक मंडळी समित्या करून मदत करत होती. पुण्याजवळ धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम उघडला, तो लोकांनी दिलेल्या मदतीवर.

मंडळी, आज चाकण, भोसरी, पिंपरीच्या कारखान्यांमागे परजिल्ह्यातून, परराज्यातून माणसं येतात. आई-बाप दोघं कामावर, पोरगं खोलीवर एकटं. शाळा सुटली, वाईट संगत लागली, एखादी चोरी झाली, की आपण म्हणतो, द्या पोलिसात. पण २०१५ चा बाल न्याय कायदाही सांगतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. त्याआधी घर, शाळा आणि गाव. त्यासाठीच गावोगाव ग्राम बाल संरक्षण समित्या आहेत. आपल्या गावची समिती शेवटची कधी बसली? शाळेत न येणाऱ्या पोरांची यादी तिच्यापुढे कुणी ठेवली का?

आणि एखाद्या अडलेल्या मुलीला बाळ सांभाळता येत नसेल, तर तिला चोरून टाकायची गरज नाही. बाल कल्याण समितीकडे ते रीतसर सोपवता येतं, आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. नाव गुप्त राहतं. १०९८ हा फोन मुलांसाठीच आहे. हे चार बायकांना आधीच ठाऊक असलं तर एक विहीर टळेल.

१८९० साली जोतीराव गेले. १८९७ च्या प्लेगात यशवंताने हडपसरजवळ दवाखाना मांडला. सावित्रीबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, असं सांगतात. त्या सेवेतच प्लेग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

येत्या ३ जानेवारीला हार जरूर घाला. पण त्याच दिवशी गावच्या समितीची बैठकही लावा. वस्तीवरचं कुठलं पोरगं एकटं पडलंय, एवढं तरी विचारा.