वायुपरीच्या पावलांमागे

कलावंताच्या सहजतेला आपण टाळ्या देतो; ती सहजता कोणत्या मोलाने मिळाली, हे विचारण्याची मात्र आपणांस सवय नसते. मारी ताग्लिओनी या नर्तकीचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपच्या रंगभूमीवर अवतरलेल्या स्वच्छंदतावादी बॅलेचे मूर्तिमंत रूप म्हणजे ताग्लिओनी होय.

तिचा जन्म २३ एप्रिल १८०४ रोजी स्टॉकहोम येथे झाला. वडील फिलिप्पो हे इटालियन नृत्यरचनाकार, तर आई स्वीडिश. नर्तकीला साजेशी शरीरयष्टी निसर्गाने तिला दिली नव्हती. पाठ किंचित वाकलेली होती आणि हात प्रमाणाबाहेर लांब होते. १८२२ साली व्हिएन्नात ती प्रथम रंगमंचावर आली. त्यापूर्वी सुमारे सहा महिने वडिलांनी तिच्याकडून रोज सहा सहा तास सराव करवून घेतला. सकाळी पायांचे व्यायाम, दुपारी तोल सांभाळून करावयाच्या संथ हालचाली आणि संध्याकाळी उड्या, असा तो क्रम होता. शरीराचे दोष झाकण्यासाठी धड थोडे पुढे झुकलेले आणि हात सैल, गोलाकार ठेवण्याची रीत त्यांनी तिला लावली. पुढे हीच ठेवण त्या युगाची शैली ठरली!

१२ मार्च १८३२ रोजी पॅरिसच्या ऑपेरात ‘ला सिल्फीद’ हे फिलिप्पोने रचलेले बॅले सादर झाले. लग्नाच्या तोंडावर असलेला एक स्कॉटिश तरुण वायुपरीच्या मोहात पडतो आणि तिला धरून ठेवण्याच्या प्रयत्नात तिला कायमची गमावतो, असे त्याचे कथानक. पायाच्या बोटांच्या टोकांवर उभे राहण्याची करामत ताग्लिओनीपूर्वीही नर्तकी करीत असत. पण ती केवळ करामत होती. ताग्लिओनीने तिला अर्थ दिला. पृथ्वीला जेमतेम स्पर्श करणारी परी प्रेक्षकांना प्रत्यक्ष दिसली. गॅसच्या मंद प्रकाशात पांढऱ्या तलम झग्याने ही माया पुरी केली. पायातील सॅटिनच्या चपलांना मात्र आजच्यासारखा कठीण आधार नव्हता. थोडे रफूकाम आणि बोटांचे बळ, एवढ्यावरच सारा भार होता.

१८३७ पासून काही वर्षे तिने रशिया गाजविला. १८४५ साली लंडनमध्ये ग्रीसी, चेरितो आणि ग्रान यांच्यासह तिने ‘पा द कात्र’ सादर केले आणि १८४७ साली ती निवृत्त झाली. परंतु तिच्या चरित्रातील सर्वांत करुण अध्याय यानंतरचा आहे. १८५८ साली एमा लिव्हरी ही सोळा वर्षांची मुलगी ‘ला सिल्फीद’मध्येच पॅरिसच्या रसिकांपुढे आली. तिला पाहून ताग्लिओनी पॅरिसला परतली, तिची गुरू झाली आणि १८६० साली तिच्यासाठी तिने ‘ले पापियाँ’ हे बॅले रचले. त्यात फुलपाखरू झालेल्या नायिकेचे पंख मशालीच्या ज्योतीने जळतात. दोनच वर्षांनी, १५ नोव्हेंबर १८६२ रोजी, तालमीच्या वेळी गॅसच्या दिव्याने एमाच्या झग्याने पेट घेतला. आठ महिने यातना भोगून जुलै १८६३ मध्ये ती मरण पावली. आग न लागणारे कापड त्या काळी उपलब्ध होते. पण त्यावरील द्रावणाने झगा ताठर व मळकट दिसे, म्हणून तिने ते नाकारले होते.

या हट्टाचा दोष एकट्या त्या मुलीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परी तरंगतानाच दिसली पाहिजे, हा आग्रह प्रेक्षकांचाही होता आणि नाट्यगृहाने तो मुकाट्याने मान्य केला होता. ज्या शुभ्र झग्याने गुरूला अमर केले, त्याच झग्याने शिष्येचा बळी घेतला.

खुद्द ताग्लिओनीच्या वाट्याला तरी काय आले? १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या सुमारास तिची संपत्ती गेली. उतारवयात लंडनमध्ये श्रीमंतांच्या मुलींना चालण्याबोलण्याची रीत व दिवाणखान्यातील नाच शिकवून तिला दिवस काढावे लागले. २२ एप्रिल १८८४ रोजी, ऐंशी वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस असताना, मार्से येथे तिचे निधन झाले.

कलेत श्रम दिसू नयेत, हे खरेच आहे. पण ते दिसत नाहीत म्हणून ते नसतातच असे मानणारी रसिकता अपुरी होय, आणि कलावंताच्या जिवाची चिंता न वाहणारी रसिकता तर निर्दयच म्हटली पाहिजे. पडदा पडल्यावर त्या पावलांकडेही पाहावयास शिकणे, हे प्रेक्षकाचे कर्तव्य आहे.