तापाची वाट पाहणारे डॉक्टर : विल्यम कोली

घरात कोणाला ताप चढला की आपण घाबरतो. न्यूयॉर्कचे एक शल्यवैद्य मात्र आपल्या रोग्याला ताप कधी चढतो याची वाट पाहत असत. त्यांचे नाव डॉ. विल्यम कोली.

त्यांचा जन्म १८६२ साली अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात झाला. १८८८ मध्ये हार्वर्डमधून ते डॉक्टर झाले. दोन वर्षांनी सतरा वर्षांची एक मुलगी हाताचे दुखणे घेऊन त्यांच्याकडे आली. तो सार्कोमा नावाचा कर्करोग निघाला. हात कापूनही रोग अंगभर पसरला आणि जानेवारी १८९१ मध्ये ती वारली. तरुण डॉक्टरांच्या मनाला ही गोष्ट फार लागली.

त्यांनी इस्पितळाची जुनी दप्तरे चाळली. त्यांत एक विलक्षण नोंद सापडली. एका जर्मन माणसाच्या मानेवरची गाठ कितीदा कापली तरी परत येई. मग त्याला धावरे झाले, जोराचा ताप आला, आणि गाठ विरून गेली! ही नोंद सुमारे सात वर्षांपूर्वीची. डॉ. कोली मॅनहॅटनच्या गरीब वस्तीत हिंडले आणि त्यांनी त्या माणसाला शोधून काढले. तो ठणठणीत होता. कागदावर न विसंबता माणूस डोळ्यांनी पाहायला ते गेले, हे मला शिक्षक म्हणून फार आवडते.

त्यानंतर त्यांनी रोग्यांना मुद्दाम धावऱ्याचे जंतू टोचले. पहिल्या रोग्याची गाठ विरली, पण पुढे दोघे त्या जंतूंनीच दगावले. आज असे करू देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून त्यांनी मारलेल्या जंतूंची लस केली. १८९३ मध्ये पोटात मोठी गाठ असलेल्या एका मुलाला ती दिली. तो पुढे २६ वर्षे जगला आणि हृदयविकाराने गेला. ताप चढेपर्यंत डॉ. कोली मात्रा वाढवीत नेत. शरीर लढायला उठले, याची ताप ही त्यांची खूण.

पण ही लस दर वेळी सारखी नसे आणि नोंदीही अपुऱ्या. शिवाय क्ष-किरण व रेडियम आले होते. त्यांच्याच इस्पितळातील प्रख्यात डॉ. जेम्स युइंग यांनी विरोध केला. १९३६ मध्ये डॉ. कोली वारले, तेव्हा फार थोडे लोक त्यांचे मानत होते.

त्यांची मुलगी हेलन डॉक्टर नव्हती. तरी वडिलांचे कागद तिने वर्षानुवर्षे लावले आणि १९५३ मध्ये न्यूयॉर्कला कर्करोग संशोधन संस्था स्थापन केली.

आता खूण तापात शोधत नाहीत. २००६ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी दाखविले की मोठ्या आतड्याच्या गाठीत लढाऊ पांढऱ्या पेशी किती आणि कोठे आहेत, यावरून रोग्याच्या पुढच्या आयुष्याचा अंदाज बांधता येतो. शरीराच्या या लढाऊ शक्तीला मोकळे करणाऱ्या उपचाराच्या शोधाबद्दल २०१८ मध्ये अॅलिसन व होन्जो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तरी तो उपचार एकाला लागू पडतो आणि शेजारच्या खाटेवरच्याला पडत नाही. कोणाला लागू पडेल हे आधी ओळखण्यासाठी अजूनही नव्या खुणा शोधल्या जात आहेत.