नीळकंठशास्त्री गोरे : तर्क आणि श्रद्धा

एकोणिसाव्या शतकातील धर्मचर्चेचा विचार करताना मराठी अभ्यासकांचे लक्ष बहुधा विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि बाबा पदमनजी यांच्याकडे वळते. काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) मात्र, त्यांचे प्रमुख लेखन संस्कृत, हिंदी व इंग्रजीत असल्यामुळे, आपल्या वाङ्मयेतिहासात उपेक्षित राहिले.

बुंदेलखंडात स्थायिक झालेल्या एका चित्पावन घराण्यात त्यांचा जन्म झाला. व्याकरण आणि न्याय या शास्त्रांचे अध्ययन त्यांनी काशीत केले. जॉन म्यूर यांनी ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथात खऱ्या शास्त्राची लक्षणे सांगून ती ख्रिस्ती धर्मग्रंथालाच लागू पडतात, असे प्रतिपादन केले होते. गोरे यांनी त्यास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ (१८४४–४५) लिहून उत्तर दिले. त्यातील भूमिका लक्षणीय आहे. ईश्वरविषयक गूढांत मानवी बुद्धी स्वतंत्रपणे चालू शकत नाही. तिने शास्त्राच्या मागून जावे. मात्र, हे सांगणारा लेखक प्रतिपक्षाची चिकित्सा करताना तर्काची धार जराही बोथट करीत नाही. पूर्वकर्म न मानल्यास निरपराध जिवांच्या दुःखाची उपपत्ती कशी लावणार, हा त्याचा प्रश्न सहज टाळण्याजोगा नव्हता.

तथापि मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी सुरू झालेला वाद शेवटी गोरे यांच्या स्वतःच्या मनात शिरला. १८४८ साली जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हे नाव धारण केले. पुढे महाराजा दुलीपसिंग यांच्यासमवेत ते इंग्लंडला जाऊन आले.

‘षड्दर्शनदर्पण’ (१८६०) हा त्यांचा हिंदी ग्रंथ. फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १८६२ साली प्रसिद्ध केले. खंडनाचा सर्वाधिक भर वेदान्तावर आहे. पारमार्थिक, व्यावहारिक व प्रातिभासिक अशा तीन सत्ता मानणे म्हणजे ‘आहे’ या शब्दाचा अर्थच डळमळीत करणे होय, असा त्यांचा आक्षेप आहे. अज्ञानाचा आश्रय कोण, ब्रह्म की जीव, हा रामानुजीयांचा जुना प्रश्नही येथे नव्या हेतूने उभा राहतो. तात्पर्य, पक्ष बदलला, पद्धती नैयायिकाचीच राहिली. वेदान्त्यांना हे खंडन पटण्याचे कारण नाही. परंतु पूर्वपक्ष जाणून घेण्याची त्यातील शिस्त तत्कालीन मिशनरी वाङ्मयात विरळा होती.

ही चिकित्सा त्यांनी स्वतःलाही सोडली नाही. प्रॉटेस्टंट पंथात खासगी बुद्धीला दिलेले स्वातंत्र्य त्यांना अपुरे वाटू लागले आणि ते चर्चच्या परंपरागत अधिकाराकडे झुकले. १८७० साली त्यांना पुरोहितदीक्षा मिळाली. १८७६ मध्ये काउली येथील संघात ते उमेदवार म्हणून दाखल झाले, पण अंतिम व्रते त्यांनी घेतली नाहीत. बुद्धीने शास्त्राच्या मागून जावे, ही १८४५ ची भूमिकाच येथे वेगळ्या वेषात परतली, असे म्हणता येईल.

पंडिता रमाबाईंची पुण्यात त्यांच्याशी भेट झाली. त्यांच्या लेखनाने आपली बौद्धिक खात्री पटली, हे ऋण रमाबाईंनी पुढे मान्य केले. १८८३ साली वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत गोरे यांचे निधन झाले. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’ची संपादित आवृत्ती निघाली ती १९५१ साली, उज्जैनला.