विश्लेषण : ‘अभेद्य’ कुलपे किल्लीविना उघडणारे आल्फ्रेड हॉब्स कोण होते? कुलपातील खोट जाहीर करावी की लपवावी?

लंडनमध्ये १८५१ साली ‘क्रिस्टल पॅलेस’मध्ये भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले होते. त्यासाठी आलेल्या ३८ वर्षांच्या एका अमेरिकी विक्रेत्याने महिनाभरात ब्रिटनमधील दोन सर्वांत विश्वासू कुलपे किल्लीविना उघडून दाखवली. त्यातून सुरू झालेला वाद आज मोबाइलच्या सुरक्षेपर्यंत येऊन पोहोचला आहे.

हॉब्स कुलपांकडे कसे वळले?

आल्फ्रेड चार्ल्स हॉब्स यांचा जन्म १८१२ मध्ये बोस्टनमध्ये झाला. लहानपणापासूनच त्यांना कामाला जुंपून घ्यावे लागले. शेतीकाम, दुकानातील नोकरी, लाकडी कोरीवकाम, घोडागाड्या बांधणे असे अनेक उद्योग त्यांनी केले. काचेच्या कारखान्यात ते दारांच्या काचेच्या मुठी घडवू लागले आणि मुठीबरोबर बसणाऱ्या कुलपात त्यांचे मन रमले. पुढे न्यूयॉर्कच्या ‘डे अँड न्यूवेल’ कंपनीसाठी ते कुलपे विकू लागले. त्यांची पद्धत साधी होती : बँकेत जायचे, तिथले जुने कुलूप उघडून दाखवायचे आणि मग आपले पुढे करायचे.

चब यांच्या कुलपाचा दबदबा कशामुळे?

पोर्ट्समथच्या गोदीत १८१७ मध्ये चोरी झाल्यावर ब्रिटिश सरकारने आपल्याच किल्लीने उघडेल अशा कुलपासाठी १०० पौंडांचे बक्षीस लावले. ते जेरेमाया चब यांच्या ‘डिटेक्टर’ कुलपाने पटकावले. कोणी लिव्हर गरजेपेक्षा जास्त उचलला, की हे कुलूप अडकून बसे आणि मालकाला छेडछाड कळे. कैदेत असलेल्या एका कुलूप कारागिराला ते उघडल्यास शिक्षामाफीचे आमिष दाखवण्यात आले. अनेक आठवडे झटूनही त्याला ते जमले नाही.

हॉब्स यांनी ते कसे उघडले?

वेस्टमिन्स्टरमधील एका तिजोरीखोलीच्या दारावरचे चब कुलूप २२ जुलै १८५१ रोजी साक्षीदारांसमोर त्यांनी २५ मिनिटांत उघडले आणि ७ मिनिटांत पुन्हा बंदही केले. गंमत म्हणजे चोर पकडणारा ‘डिटेक्टर’च त्यांच्या कामी आला. तो अडकला, की कोणता लिव्हर जास्त उचलला गेला हे त्यांना कळत असे.

मग ब्रामा कुलपाला ५१ तास का लागले?

जोसेफ ब्रामा यांच्या कंपनीच्या पिकॅडिलीतील दुकानाच्या खिडकीत एक कुलूप कित्येक दशके आव्हान देत टांगले होते. उघडणाऱ्याला २०० गिनी मिळणार होत्या. त्यात सरकणाऱ्या १८ पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टी नेमक्या खोलीवर आल्याशिवाय ते उघडत नसे. हॉब्स यांनी १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खर्चून ते उघडले. त्यांनी कुलपाला उपकरण कायम जोडून ठेवले होते, असा आक्षेप कंपनीने घेतला. मात्र पंचांनी कौल हॉब्स यांच्या बाजूने दिला आणि कंपनीने नाराजीने पैसे चुकते केले.

यामागचे तत्त्व काय?

कोणतेही कुलूप शंभर टक्के अचूक बनत नाही. अडसरावर हलका ताण दिला, की आतले सगळे भाग एकाच वेळी अडत नाहीत. आधी एक अडतो. तो नेमक्या जागी बसवला की पुढचा अडतो. आजही छंद म्हणून हे शिकणाऱ्याच्या पहिल्या संचात मुख्यतः दोनच वस्तू असतात : ताण देणारी वाकवलेली पट्टी आणि खुंट्या चाचपणारा बारीक आकडा. नवशिक्याचे हमखास चुकते ते जोर लावण्यात. ताण जास्त झाला, की सगळ्याच खुंट्या घट्ट धरल्या जातात आणि बोटांना काही कळेनासे होते. या छंदाचा नियमही कडक आहे : कुलूप स्वतःचे किंवा मालकाच्या परवानगीचे असावे आणि वापरातल्या कुलपावर सराव करू नये.

वाद कशावरून पेटला?

अशी माहिती उघड केल्याने चोरांना धडेच मिळतात, असा टीकेचा सूर होता. हॉब्स यांच्या लेखनावर आधारित ग्रंथ १८५३ मध्ये चार्ल्स टॉमलिन्सन यांच्या संपादनाखाली निघाला. त्यात याचे उत्तर मिळते. चोरांना आपला धंदा आधीच ठाऊक असतो. अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा प्रामाणिक माणूस. त्यामुळे खोट लपवली तर नुकसान त्याचेच होते, असा तो युक्तिवाद होता.

पुढे काय झाले?

हॉब्स यांनी लंडनमध्येच कंपनी काढून यंत्रावर कुलपे बनवायला सुरुवात केली. १८६० मध्ये ते अमेरिकेला परतले. तिथे शिलाई यंत्रांच्या आणि नंतर काडतुसांच्या कारखान्यात त्यांनी काम केले. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी लंडनला नेलेले ‘डे अँड न्यूवेल’चे कुलूपही अजिंक्य राहिले नाही, लायनस येल ज्युनियर यांनी ते उघडले. त्याच येल यांनी घडवलेल्या खुंट्यांच्या, चपट्या किल्लीच्या कुलपाचे वंशज आज घरोघरी आहेत. सॉफ्टवेअरमधील त्रुटी शोधणाऱ्यांना कंपन्या आज स्वतःहून बक्षीस देतात आणि मोबाइलवर येणाऱ्या अनेक सुरक्षा अपडेटमागे अशाच शोधलेल्या त्रुटी असतात. हॉब्स यांना मात्र त्यासाठी रोष पत्करावा लागला होता.